वाटेवरच्या माणसांची वंशावळ

वडिलांचे नाव सगळ्यांनाच सांगता येते. आजोबांचेही येते. पणजोबांपाशी बहुतेकांची जीभ थोडी अडखळते आणि त्यांच्या वडिलांचे नाव विचारले, की आपण घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघू लागतो. तसे माणूस घरात उरले नसेल, तर विषय तिथेच संपतो. शंभर-सव्वाशे वर्षे म्हणजे इतिहासाच्या हिशेबात फार नव्हेत. पण घराच्या हिशेबात तेवढ्या काळात एक अख्खा माणूस नावागावासकट पुसला जातो.

अर्थात सर्वांचेच असे होत नाही. ज्यांच्याकडे वतन होते, इनाम होते, कुळकर्ण होते, त्यांचे कागद कुठे ना कुठे निघतात. महाराष्ट्रात कित्येक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले आहेत. त्र्यंबकेश्वरी किंवा हरिद्वारला जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगितले, की तीर्थोपाध्याय आपली लांबट वही काढतात आणि तुमच्या आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवतात. हरिद्वारच्या वह्यांचे मोल एवढे, की अमेरिकेतल्या युटा राज्यातील वंशावळ संस्थेने त्यांची सूक्ष्मचित्रे काढून जपून ठेवली आहेत. पण मूळ गावच ज्यांना नव्हते, त्यांनी काय सांगायचे?

हा प्रश्न माझ्या घरचा आहे. मी बंजारा समाजातला. आमचा तांडा वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवीपासून पायी दोन-अडीच तासांच्या वाटेवर. आज आम्हाला घरे आहेत, शेती आहे, मतदार यादीत नावे आहेत. पण चार पिढ्या मागे गेले, की सारे वाटेवरचेच. अशा वाटेवरच्या माणसांची वंशावळ शोधायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा जे हाती लागले आणि जे लागले नाही, त्याची ही हकिकत.

पुरावा हवा १९६१ पूर्वीचा

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाची मुलगी बारावी झाली. अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा, तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. त्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र मिळावे लागते. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये मोडतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभरातल्या अनेक फिरत्या समाजांवर लादला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो रद्द झाला आणि त्या शिक्क्यातून सुटलेले ते 'विमुक्त'. या जातींसाठी ठरलेली तारीख आहे २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेआधी तुमचे पूर्वज या राज्याच्या हद्दीत राहत होते आणि त्यांची जात हीच होती, हे कागदाने दाखवावे लागते.

कागद शोधायला आम्ही वडिलांच्या शाळेपासून सुरुवात केली. दाखल-खारीज रजिस्टरात त्यांचे नाव सापडले. प्रवेश १९५५ चा, जन्मतारीख १ जुलै. पाहतो तो त्या पानावरची तांड्यातली सगळीच पोरे १ जुलैला जन्मलेली! अंगापिंडावरून वर्षाचा अंदाज करायचा आणि तारीख शाळेच्या सोयीची घालायची, ही त्या काळची रीतच होती. तारखेचे हसू आले. पण शेजारचा जातीचा रकाना वाचला आणि हसू मावळले. तिथे लिहिले होते 'वंजारी'.

वंजारी हा वेगळा समाज. आरक्षणाच्या यादीत तो भटक्या जमातींच्या 'ड' गटात येतो, बंजारा विमुक्त जातींच्या 'अ' गटात. पण लिहिणाऱ्याच्या कानाला दोन्ही शब्द सारखेच लागले असतील. जुन्या दप्तरांत आमचा समाज कुठे लमाण म्हणून भेटतो, कुठे लभाण, कुठे लंबाडा, कुठे चारण, कुठे बंजारा. आम्ही स्वतःला 'गोर' म्हणतो आणि बाकीच्यांना 'कोर'. गंमत अशी, की हा घरचा शब्द सरकारी कागदावर मला एकदाही भेटला नाही. कागद नेहमी दुसऱ्याने लिहिला. त्याने जे ऐकले, ते आमचे नाव झाले.

बरे, याआधीचे कागद का नाहीत? तर तांडा एका जागी नव्हता म्हणून. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ मुलूखभर पोचवायचे काम बंजाऱ्यांच्या बैलांचे. फौजा चालायच्या त्यांच्या जिवावर. १८०३ मध्ये ऑर्थर वेलस्ली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडची लढाई लढला. त्याच्या पत्रव्यवहारात 'ब्रिंजारी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने बंजाऱ्यांवर लिहिलेला लेख मुंबईच्या साहित्य संस्थेने १८१९ साली छापला. म्हणजे आमच्याविषयी लिहिले जात होते, दोनशे वर्षांपूर्वीपासून. पण ते समाजाविषयी होते, माणसाविषयी नव्हते. किती बैल आले, किती गोण्या आल्या, यांचा हिशेब फौजेला हवा होता. बैलामागून चालणाऱ्या बाईचे नाव कोणाला हवे असणार?

मग १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. गाडीच्या डब्याशी बैलाने काय स्पर्धा करावी! पाठीवरचा व्यापार आटला, तांडे माळरानावर, डोंगराच्या पायथ्याशी स्थिरावू लागले आणि नायकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. घराण्याच्या लेखी इतिहासाची सुरुवात झाली ती इथे.

इंग्लंडातली कुलुपाची पेटी

त्याच दिवसांत माझ्या एका मित्राचा मुलगा इंग्लंडहून आला होता. तो तिथे एका खेड्यात राहतो. त्याच्या घरमालकीणबाईंनी आपले घराणे सोळाव्या शतकापर्यंत शोधून काढले आहे, असे तो सांगू लागला. राजघराण्यातल्या आहेत काय, असे मी विचारले. तो म्हणाला, "नाही हो काका, पिढ्यान्‌पिढ्या शेतमजूर!" मला ते खरे वाटेना. मग मी त्याविषयी मिळेल ते वाचले.

ही सारी करामत गावच्या चर्चमधल्या वहीची. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, धर्मगुरूने वही ठेवावी आणि आठवड्यात झालेले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने रविवारी तिच्यात लिहावीत. वही पेटीत ठेवायची आणि पेटीला दोन कुलपे, दोन वेगळ्या किल्ल्यांची. शतक संपता संपता जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आणि दरसाल एक नक्कल बिशपकडे धाडण्याचा नियम झाला. वही जळाली तरी नक्कल उरावी, हा हेतू. १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या आणि १८३७ मध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. एकूण तीनशे वर्षे शेतमजुराचे नाव चर्चच्या पेटीत सुरक्षित राहिले.

पण त्या वह्यांतही एक बारीक गोष्ट आहे, आणि माझे मन तिथे थबकले. मधूनच कुठे नावाऐवजी नुसते 'परका', 'फिरस्त्याचे मूल', 'वाटेवर मेलेली एक गरीब बाई' अशा नोंदी येतात. म्हणजे वही तिथेही गावात रुतलेल्या माणसाची होती. वाटेवरच्या माणसाचे नाव विचारायला इंग्लंडातल्या पाद्रीबुवालाही सवड नव्हती.

आणखी एक गोष्ट. तिथल्या गरिबांविषयी सर्वांत तपशीलवार कागद कोणते, तर गावाने त्यांना हाकलून देण्यासाठी केलेले! १६६२ च्या कायद्याप्रमाणे निराधार माणसाला पोसायचे ते त्याच्या मूळ पॅरिशने. मग तो कुठला, कुठे जन्मला, कुठे चाकरीला होता, याची कसून चौकशी करून जबानी लिहून घेत. आज त्याच जबान्या नातवंडा-पतवंडांना सोन्यासारख्या वाटतात. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आपल्याकडेही पोलिसांनी माणसांची नावनिशी ठेवली. संशयाने लिहिलेली नोंदही पुढे रक्ताच्या माणसांना उपयोगी पडते. इतिहासाची ही थट्टा कडू आहे, पण खरी आहे.

कोतवाल बुकातली मुलगी

इंग्लंडातल्या त्या पेटीचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे कोतवाल बुक. विदर्भातल्या जुन्या खेड्यांत जन्म-मृत्यूची ही नोंदवही असे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा कोतवाल बुक, गाव नमुना १४ हे शब्द घरोघर पोचले. त्याआधी ही बाडे तहसिलीच्या अभिलेख कक्षात बासनात बांधून पडलेली असत.

आमच्या भागात शोधणाऱ्याला भूगोलाशीही झगडावे लागते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. इंग्रजांनी बासीम हा स्वतंत्र जिल्हा केला, १९०५ मध्ये तो मोडला. अकोला जिल्ह्यातून आजचा वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा निघाला तो १९९८ साली. त्यामुळे एकाच गावाचे कागद कधी वाशीमला, कधी अकोल्याला. जुनी पाने मोडीत, पुढची बाळबोधीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ भेटले म्हणून आमचे निभावले. त्यांनी एका दुपारी भिंगातून पाहत आमच्या तांड्याचे नाव शोधले आणि तिथून पुढे आमचा प्रवास सुरू झाला.

वडिलांच्या जन्माची नोंद १९४८ च्या पानावर निघाली. बापाचे नाव, तांड्याचे नाव, जातीच्या रकान्यात स्वच्छ 'लमाण' आणि मुलाच्या नावाच्या जागी नुसते 'मुलगा'. मूल जन्मले त्या दिवशी त्याला नाव कुठले असणार? नोंद करणारा परत विचारायला येत नसे. ही नोंद आणि शाळेचा उतारा यांचा सांधा जुळवायला मग जमिनीचे फेरफार लागले, चुलत आजोबांचा उतारा लागला, वंशावळीचे शपथपत्र लागले. दक्षता पथकाचे लोक घरी येऊन चालीरीती, देवदेव, गोत विचारून गेले. पाच महिने गेले. पण काम झाले.

मात्र सांगायचे आहे ते वेगळेच. त्याच बाडात, वडिलांच्या नोंदीच्या आठ वर्षे आधी, १९४० च्या मृत्यूंमध्ये आजोबांचे नाव आणखी एकदा आले. 'मुलगी. वय दीड वर्ष. ताप.' एवढेच. या मुलीविषयी आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. वडील हयात नाहीत. मी आणि भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो.

वडिलांची थोरली बहीण आहे, नव्वदीच्या घरात. ऐकू कमी येते, आठवण मात्र लख्ख. तिला मी मोठ्याने वाचून दाखवले. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने एक नाव उच्चारले. म्हणाली, "माझ्या पाठची. मी कडेवर घेऊन फिरवायची तिला. जोंधळे काढणीचे दिवस होते." आणि मग, जरा रागानेच, "नाव नाही लिहिलं? विचारलं असतं तर आईनं सांगितलं असतं की!"

सरकारच्या वहीत तारीख होती, नाव नव्हते. आत्यापाशी नाव होते, तारीख नव्हती. ऐंशीहून अधिक वर्षे त्या मुलीचे असे दोन अर्धे भाग दोन ठिकाणी पडून होते. ते नाव इथे छापत नाही. ते आमच्या घरच्या कागदावर लिहून ठेवले आहे, तारखेच्या शेजारी.

तोंडी दप्तर

त्या दिवसानंतर मी कागद बाजूला ठेवून माणसांकडे वळलो. आमच्याकडे वंश सांगण्याची रीत नाही असे नव्हे. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही आज आडनावे दिसतात, पण त्यांच्या पोटात गोतांची मोठी उतरंड आहे. पवारांची बारा, चव्हाणांची सहा, असे हिशेब म्हातारे लोक बोटांवर करून दाखवतात. भावकीत लग्न होत नाही, म्हणून सोयरीक जुळवताना गोत विचारावेच लागते. जी माहिती लग्नाला लागते, ती समाज विसरत नाही! ही वंशावळ जपणारे भाट आणि गाऊन सांगणारे ढाडी पूर्वी तांड्यातांड्यावर येत. शिवाय दिवाळीत निखाऱ्यावर तूप-लापशी टाकून पूर्वजांची नावे घेतली जातात. दरसाल मोठ्याने वाचलेली हजेरीच ती.

आणि पोहरादेवी? संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान म्हणून सारा महाराष्ट्र ते ओळखतो. परंपरेने महाराजांचा जन्म १७३९ चा मानतात. रामनवमीला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून, आंध्रातून माणसांचा पूर लोटतो. मी लहानपणापासून ती जत्रा पाहत आलो. पण शोधाला लागल्यावर ती मला निराळीच दिसली. इंग्लंडातल्या खेड्यात माणसे एका जागी राहिली आणि चर्चच्या वहीने त्यांना धरून ठेवले. आमची माणसे पांगत गेली आणि या एका जागेने त्यांना वर्षातून एकदा गोळा केले. कागदाची पेटी नव्हती, जत्रा होती. दोन अनोळखी म्हातारे झाडाखाली बसतात, तांडा विचारतात, नायक विचारतात, गोत विचारतात आणि अर्ध्या तासात कोणीतरी कोणाचा तरी भाचा निघतो.

मागच्या रामनवमीला आत्याने सांगितलेला धागा धरून मी असाच विचारत गेलो आणि पैनगंगेपलीकडे गेलेल्या आमच्या एका शाखेची माणसे भेटली. पणजोबांचे सख्खे भाऊ नदी ओलांडून गेले होते. आज ती नदी सहज पार होते. तेव्हा पलीकडे निजामाचे राज्य. राज्य बदलले, दप्तराची भाषा उर्दू झाली, सालही फसली झाले. तिथल्या कागदावर १३५० फसली दिसले, तर त्यात ५९० मिळवून इसवी सन काढायचा. त्या शाखेतले काही लोक पुढे आदिलाबादकडे सरकले. तेलंगणात ते आज अनुसूचित जमातीत मोडतात. कर्नाटकात असते तर अनुसूचित जातीत गेले असते. आम्ही इथे विमुक्त जातीत. एका आजीच्या पोटची मुले, आणि यादी मात्र ज्या त्या राज्याची!

तोंडी दप्तराचेही दोष आहेत, ते झाकायचे कारण नाही. भाटाची वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते. लेकी-सुना तिच्यात जवळजवळ नाहीतच. सरकारी वहीत मुलगी निनावी, भाटाच्या वहीत ती नाहीच. बायकांची नावे, कोण कोणत्या तांड्यात दिली, कोण बाळंतपणात गेली, हे सारे बायकांनाच ठाऊक. आणि आत्यासारख्या बायका आता किती उरल्या?

आज करता येण्याजोगे

म्हणून वाचकांना, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, थोडे व्यवहाराचे सांगतो. सुरुवात कचेरीपासून करू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईपासून करा. नावे विचारा, माहेरे विचारा, कोणत्या साथीत वा दुष्काळात काय झाले ते विचारा. अशा खुणांवरूनच पुढे वहीतले वर्ष सापडते. मग शाळेचे दाखल-खारीज, कोतवाल बुक, जमिनीचे फेरफार यांच्या प्रमाणित नकला रीतसर अर्ज करून घ्या. जातीचा किंवा आडनावाचा शब्द वेगळा दिसला, तरी पान टाकून देऊ नका. तांड्याचे, वाडीचे, शेजाऱ्याचे नाव जुळते का पाहा. मोडीला भिऊ नका. राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते. जन्म-मृत्यूची नोंद देशभर एका कायद्याखाली आली ती १९६९ च्या कायद्याने. त्याआधीचा जो कागद हाती लागेल, तो जपून ठेवा.

पोहरादेवीला आता नगाऱ्याच्या आकाराचे चार मजली बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. तेरा दालनांत समाजाचा इतिहास मांडला आहे. मी ते पाहिले, ऊर भरून आला. पण संग्रहालय थोरांची आठवण ठेवते. दीड वर्षाची होऊन तापाने गेलेल्या मुलीची आठवण घरच्यांनीच ठेवायची असते.

माझी पुतणी आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रमाणपत्राचे काम केव्हाच संपले, वंशावळीचे नाद मात्र तिला लागला आहे. सुटीत येते तेव्हा आत्याशेजारी बसून लिहून घेते. तिने मोठ्या कागदावर जो वृक्ष काढला आहे, त्यात प्रत्येक पुरुषाच्या शेजारी बाईचे नाव आहे आणि तिचे माहेरही. काही चौकोन अजून रिकामे आहेत. ते तिने खोडले नाहीत, मोकळेच ठेवले आहेत. येत्या रामनवमीला ती तो कागद गुंडाळून पोहरादेवीला न्यायचे म्हणते आहे. झाडाखाली पसरून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारायचे, बघा बरे, यात तुमचे कोणी आहे का?